तिवाट्यावरून, पाय न टेकता

धोंडखेडच्या वेशीबाहेर तीन वाटा भेटतात. एक गावातून येते, एक मळ्यांकडे जाते आणि एक मोताळ्याच्या बाजाराला. भेटतात खऱ्या, पण एका चुलीवरच्या भांडखोर जावांसारख्या. कोणी कोणाला जागा म्हणून देत नाही. गाड्यांच्या लोखंडी धावांनी काळ्या मातीत खोल चाकोऱ्या पाडलेल्या. एका अंगाला हिंमतराव पाटलांच्या गुरांच्या कोठ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला जनावरांना पाणी पाजायच्या हाळाचे सांडपाणी वाहून नेणारी नाली, आणि ती नालीही सरळ जाईल तर शपथ. तिवाट्याच्या पुढे रस्ता आडवा कापूनच तिला पलीकडे जायचे असे. त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते. लहान साहेब बुलढाण्यात बसे, मोठा नागपुरात. धोंडखेडच्या तिवाट्यापर्यंत यातला कोणीच कधी आला नव्हता, आणि येण्याचे काही कारणही नव्हते.

या तिवाट्यावरून पुंजाजी माळी रोज सकाळी सायकल काढायचा.

आता सायकल काय कोणीही चालवतो, असे वाटेल. पण पुंजाजीचा डावा पाय गुडघ्यात वळत नव्हता. मोट हाकताना दोर तुटला, नाडा पायात गुंतला आणि पुंजाजी विहिरीच्या काठावर आपटला. हाड बसवणाऱ्याने हाड बसवले, पण आपल्या मर्जीने बसवले. पाय आखूड झाला आणि काठीसारखा ताठ राहिला. चालायचे म्हटले की शेताच्या बांधापर्यंत जाता जाता घाम फुटे. मग एकदा मलकापूरला जिनिंगच्या फाटकापाशी त्याने एक जुनी सायकल टेकवलेली पाहिली, आणि त्याच्या डोक्यात ती बसली ती बसलीच. ती विकत घेतली आणि चांभाराकडून उजव्या पायडलाला चामड्याचा पट्टा बसवून घेतला. त्या पट्ट्यात पाय अडकवायचा, त्याच पायाने दाबायचे आणि त्याच पायाने ओढायचे. डावा पाय नुसता लोंबता ठेवायचा. पहिल्या महिन्यात इतका पडला की गावातल्या कुत्र्यांनीही भुंकणे सोडून दिले. पण शिकला. मागे दोन टोपल्या बांधून वांगी, मेथी, सांभाराच्या जुड्या घेऊन दीड कोसावरच्या मोताळ्याला जाऊ लागला. चालताना जो माणूस चारचौघांत मान खाली घाली, तो सायकलवर बसला की ताठ दिसे.

एकच अडचण होती. घरच्या ओट्यावरून तो सायकलवर चढे आणि मोताळ्याच्या बाजारात धर्मशाळेच्या पायरीशी खाली येई. मध्ये कुठे पाय टेकावा लागला, तर पुन्हा चढता येत नसे. कोणीतरी सायकल धरावी लागे. आणि एका पायाच्या माणसाला हळूही चालवता येत नाही. वेग गेला की सायकल आडवी.

तिवाट्यावर चाकोऱ्या आणि पाटलाची भिंत यांच्यामध्ये हातभर सपाट पट्टी होती. सायकलीला तेवढीच वाट. आणि नेमक्या त्या पट्टीवर गाव उतारे ठेवी.

घरात कोणाचे डोके दुखो, म्हैस आटो, लेकरू रात्री दचको. घरची बाई भाताचा मुदा, कापलेले लिंबू, दोन सुक्या मिरच्या घेऊन दुखणेकऱ्यावरून ओवाळायची आणि तिन्हीसांजेला तिवाट्यावर नेऊन ठेवायची. जो ओलांडील त्याच्या अंगी ते दुखणे जाते, अशी समजूत. त्यामुळे ठेवणारीला वाटे, कोणीतरी लवकर ओलांडावा, आणि जाणाऱ्याला वाटे, तो आपण नसावा. गाड्या चाकोरीतून जात, पायी माणसे वळसा घालत. जनावराला दोष लागत नाही. राहिला पुंजाजी.

एके दिवशी, अमावस्येच्या दुसऱ्या सकाळी, तो असाच निघाला. भिंतीजवळच्या पट्टीवर भात, लिंबू, काळा दोरा, सगळे मांडलेले. पुंजाजीने ते पाहिले, हँडल वळवले, चाक चाकोरीत गेले आणि पुंजाजी वांग्यांसकट नालीत. पट्ट्यात अडकलेला पाय सोडवून उठेपर्यंत मळ्याकडे निघालेला त्याचा थोरला भाऊ कारभारी गाडी घेऊन आला. त्याने बैल थांबवले.

"काऊन बे, आज पुन्हा?"

"उतारा होता, दादा."

"मंग?"

"मंग काय, वलांडू का?"

कारभारी खाली उतरला. चिखलातली वांगी वेचून टोपलीत टाकू लागला. हा माणूस रागावला असता तर बरे झाले असते. पण तो रागावला नाही.

"पुंजा, आता पुरं झालं. माळवं मी नेत जाईन गाडीत. तू घरी बस. तुहे दोन घास काई जड नाई मले."

पुंजाजीला नालीच्या पाण्यापेक्षा ते दोन घास जास्त झोंबले. वैऱ्याशी भांडता येते. मायेने खाटेवर बसवणाऱ्याशी माणूस काय भांडणार?

"मी जाईन," तो म्हणाला.

"जा. पन आनखी एकदा पडला ना, तं सायकल मलकापूरले नेऊन इकून टाकतो. मायची आन हाय."

कारभारी आन घेई ती मोडत नसे. हे पुंजाजीला पुरते ठाऊक होते. म्हणजे आता एक पडणे उरले होते, आणि त्याच्यापलीकडे खाट.

संध्याकाळी तो काठी टेकत चावडीवर गेला. हिंमतराव पाटील पान लावत बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण गावात जे आहे ते आहे तसे राहावे यातच पाटीलकी आहे, असा त्यांचा पक्का समज होता.

"पाटील, तिवाट्यावर भिंतीपाशी मुरूम टाकला अन् नालीवर एक फरशी ठेवली, तं लय उपकार होतीन."

"कोनासाठी?"

"सायकलीसाठी."

पाटलांच्या हातातला चुना सांडला इतके ते हसले. "गावात सायकल एक, अन् तिले चालवनाराचा पायही एक! अरे, इतक्या पिढ्या गेल्या, बैलानं कई रस्ता मागतला नाई."

"बैलाले चार पाय हायेत, पाटील."

चावडीवरचे दोघे-तिघे हसले. पाटलांना ते आवडले नाही.

"तं मंग उतारे तरी बाजूले ठेवाले सांगा," पुंजाजी म्हणाला. "नालीच्या पल्याड जागा हाय."

"पल्याड ठेवले तं वलांडनार कोन? उतारा वाटेवरच पाह्यजे. माह्याच घरून जाते दर अमावस्येले. पाटलीनबाईची अर्धशिशी काई थांबत नाई. तुह्या सायकलीसाठी मी तिले सांगू, की डोकं दुखू दे? घरी जा, पुंजा. भाऊ देवमानूस हाय तुहा, त्याच्या जिवावर सुखानं राह्य."

सुखानं राह्य! जो तो त्याला सुखात लोटायला टपलेला. पुंजाजी परत आला तो दात खाऊनच. दुसऱ्या दिवशीपासून तो मळ्यात वांग्यांना पाणी द्यायचा आणि मनात तिवाटा मांडायचा: इकडून गेलो तर चाकोरी, तिकडून गेलो तर नाली, आणि मधून गेलो तर दुसऱ्याचे दुखणे. फिरून फिरून तो मधल्या वाटेवरच येई. मनाचा फार धीट होता असेही नाही. लहानपणापासून त्यानेही कधी लिंबाला पाय लागू दिला नव्हता. पण खाटेची भीती लिंबाच्या भीतीहून मोठी निघाली.

पुढच्या अमावस्येच्या दुसऱ्या सकाळी पट्टीवर पाटलांच्या घरचा उतारा होता. पितळी ताटलीएवढा भाताचा मुदा, त्यावर कुंकू, भोवती लिंबाच्या फोडी. हाळाशेजारच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका होत्या. पुंजाजी गावातून वेगात आला. बायकांना वाटले, आता हा वळणार आणि पडणार. त्याला डोळे मिटावेसे वाटले, पण सायकलवर डोळे मिटून चालत नाही. "माय अंबे!" एवढे म्हणून त्याने उजवा पाय दाबला आणि चाक भातावरून सरळ नेले. लिंबाची फोड फट्‌दिशी वाजली. एका बाईच्या हातून घागर सुटली. पुंजाजी तोवर मोताळ्याच्या वाटेला लागला होता.

गावाने मग वाट पाहिली. आज ताप येईल, उद्या रक्त ओकेल, परवा तरी काही होईल. पुंजाजी रोज सकाळी जाई, संध्याकाळी येई आणि दोन भाकरी जास्तच खाई. आणि इकडे एक नवल झाले. पाटलीण सत्यभामाबाईची अर्धशिशी थांबली. आता ती पुंजाजीमुळे थांबली, की त्यांनी चार दिवस उन्हात जाणे सोडले होते म्हणून, हे देव जाणे. पण बाई गावभर सांगत सुटल्या.

"चाकानं वलांडला ना पुंजानं! पायानं वलांडला तं दुखनं हळूहळू जाते. चाकानं झटक्यात."

झाले! एवढे पुरे होते. आधी जो तो चोरून उतारा ठेवायचा, तो आता पुंजाजीची वेळ साधून ठेवू लागला. अमावस्या नाही, शनिवार नाही, रोज सकाळी पट्टीवर रांग. कोणाचा खोकल्याचा, कोणाचा म्हशीचा, एका म्हातारीने तर सुनेच्या तोंडाळपणावरही उतारा ठेवला. पुंजाजीला हसावे की रडावे कळेना. रस्ता मोकळा करायला गेला आणि होता तोही गावाने भरून टाकला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

आणि एका सकाळी कोणा शहाण्याने आख्खा नारळ ठेवला. मोठे दुखणे, तर मोठा उतारा, एवढा साधा हिशेब! तो भातामागे लपलेला होता. पुढचे चाक नारळावर चढले, घसरले, सायकल भिंतीकडे झुकली. पुंजाजीने दोन्ही हातांनी पाटलाच्या भिंतीची कड धरली आणि सायकल मांडीत दाबून तसाच लटकून राहिला. नेमका कारभारी मागून गाडी घेऊन आला.

"पडला ना?"

"पडलो नाई." पुंजाजीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "भिताडाले धरलं हाय. जमिनीले टेकलो का सांग."

कारभारीने खाली वाकून पाहिले. पाय खरेच टेकला नव्हता. त्याने सायकल सरळ धरली आणि पुंजाजीला ढकलून वाटेला लावले. पण त्याचा चेहरा पाहून पुंजाजीला कळले, की पुढच्या वेळी भिंतही वाचवणार नाही.

त्या दिवशी मोताळ्याहून येताना तो सबंध वाट विचार करत होता. गावाने त्याचे ऐकले नव्हते, पाटलाने हसण्यावारी नेले होते. पण आता गावाला त्याची गरज लागली होती, आणि गरजवंताला अक्कल नसते हे जितके खरे, तितकेच हेही खरे की गरजवंताला हात मात्र असतात. तिवाट्यावर येताच तो हाळाच्या कठड्याला टेकला, सायकल धरून तिथेच उभा राहिला आणि पाण्यावर आलेल्या बायकांना ऐकू जाईल असे ओरडून म्हणाला,

"ऐका बायाहो! उद्यापासून मी कोनाचाच उतारा वलांडत नाई. पांदीनं जाईन, दूरच्या वाटेनं. मले लांब पडलं तरी चालीन."

बायका कळशा खाली ठेवून उभ्या राहिल्या. "काऊन रे भाऊ? काय झालं?"

"माह्यी सायकल गचके खाते. गचका बसला की दुखनं अर्धं चाकाले लागते अन् अर्धं तठीच राह्यते." हे वाक्य त्याला वाटेतच सुचले होते, आणि आपण किती सहज खोटे बोललो याचे त्याला थोडे वाईटही वाटले. फार नाही. "ज्याले वलांडून पाह्यजे त्यानं आधी टोपलंभर मुरूम आनून भिताडापाशी टाकाचा. चोपून सपाट कराचा. नारळ नाई, गोटा नाई. भाताचा लहान मुदा, थोही पट्टीच्या कडेले. मी चाक बराबर नेतो."

दुसऱ्या दिवशी तो खरेच पांदीने गेला. चिखलातून, बाभळीच्या काट्यांतून, मोताळ्याला पोहोचेपर्यंत अंगातला जोर संपला. पण न पडता गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. चौथ्या दिवशी सकाळी पट्टीवर मुरमाचे पहिले टोपले ओतलेले दिसले. मग दुसरे, तिसरे. ओढ्याकाठच्या बरड माळावरून बाया डोक्यावर मुरूम आणू लागल्या, गडीमाणसे चोपू लागली. ज्याचे दुखणे मोठे त्याचे टोपले मोठे. सुनेच्या तोंडाळपणाला कंटाळलेल्या म्हातारीने सुनेलाच मुरूम वाहायला लावला, आणि दोघी येता-जाता भांडत होत्या. चाकोरीच्या कडा बुजल्या, भिंतीला लागून हातभराची पट्टी दोन हातांची झाली.

राहिली नाली. तिच्यावर फरशी हवी होती, आणि तसली मोठी फरशी एकट्या पाटलांकडे, कोठ्याच्या दारात पडून होती. पाटील ती देतील अशी आशा पुंजाजीने ठेवली नव्हती. पण सत्यभामाबाईचे डोके पुन्हा ठणकू लागले होते, आणि अर्धशिशी उठलेल्या बाईपुढे पाटीलकी चालत नाही. एका दुपारी पाटलांचे गडी पहारी घेऊन आले आणि फरशी नालीवर बसवून गेले. पाटील दारात उभे राहून पाहत होते.

"गाड्यायलेही कामी येईन थे," ते पुंजाजीला म्हणाले, जणू त्यांनाच सुचले होते.

"हाव पाटील," पुंजाजी म्हणाला. त्याला तेवढे चालत होते.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला तो एकटाच तिवाट्यावर बसून फरशीच्या कडेचा मुरूम दगडाने ठोकत होता. उद्या आठवडी बाजाराचा दिवस होता, उद्या पहिल्यांदा नव्या पट्टीवरून जायचे होते. तेवढ्यात गावाकडून एक बाई आली. पदराखाली सूप होते. पुंजाजी दिसताच ती थबकली आणि परत फिरू लागली. चालण्यावरून त्याने ओळखले. त्याची माय, गोजरबाई.

"माय, कोनाचा वं?"

"कोनाचा नाई. शेजारनीचा हाय, तिनं देल्ला."

"खोटं नोको बोलू."

गोजरबाई उभी राहिली. तिने सूप पदराबाहेर काढले.

"तुह्या पायाचा," ती म्हणाली. "थो दोर तुटला तवापासून ठेवते. दर अमावस्येले. कोनी तरी वलांडीन, माह्या लेकाचा पाय मोकळा होईन म्हनून. तू नालीत पडला ना, थो उताराही माह्याच हातचा होता." आणि ती रडू लागली.

पुंजाजीला आधी राग आला, अगदी डोक्यात गेला. आपल्याच मायने आपल्या वाटेत! पण तिचा चेहरा पाहून तो राग टिकला नाही. इतकी वर्षे ही बाई सूप घेऊन या तिवाट्यावर येत होती आणि घरात कोणाला बोलली नव्हती.

"आज काऊन आनला मंग? आज तं अमावस्या नाई."

"तू साऱ्या गावाचं वलांडून राह्यला, पुंजा! साऱ्यायचं दुखनं तुह्या अंगावर. तुह्यं कोन वलांडीन? तुह्यं घेनारं कोनी हाय का?"

पुंजाजी भिंतीला धरून उठला. मायच्या हातातले सूप त्याने हलकेच धरले.

"माय, माह्यं कोनाले द्याचंच नाई. हा पाय आता सरळ होत नाई. तुले माहीत हाय, मलेही माहीत हाय. तू पायाकडंच पाहून राह्यली इतके साल. पाय होत नाई, पन हा रस्ता होते. पाह्य ना, झालाच हाय. माह्यं दुखनं मी घेऊन जाईन मोताळ्याले, रोज. फक्त मले कोठी टेकू नोको देऊ."

गोजरबाईने पदराने तोंड पुसले, सूप घेऊन घराकडे गेली. रात्री जेवतानाही तिने विषय काढला नाही. तिला पटले की ती रुसली, हे पुंजाजीला कळेना, आणि विचारायचा धीर होईना.

सकाळी तो ओट्यावरून सायकलवर चढला. टोपल्या भरलेल्या. वेशीबाहेर आला तर तिवाट्यावर माणसे जमलेली. पाटील दारात, सत्यभामाबाई डोक्याला फडके बांधून. कारभारीची गाडी मळ्याच्या वाटेने आलेली, फरशीकडे तोंड करून. एरवी गाडीवान सायकलीसाठी थांबत नसतो. पण कारभारीने कासरा ओढला आणि बैल मागे घेतले.

"निंघ बे," तो म्हणाला. "मी उभा हाओ."

पुंजाजीने पाय दाबला. भिंतीलगत चाक सपाट मुरमावरून सरसर गेले. एकही गचका नाही. पट्टीच्या कडेला भाताचे लहान मुदे होते, ते त्याने चाकाखाली नीट घेतले, शब्द दिला होता. पुढे फरशी. फरशी आणि मुरूम यांच्यामध्ये काल संध्याकाळी एक खळगा राहिला होता. मायशी बोलण्यात तो बुजवायचा राहून गेला होता, हे त्याला आत्ता आठवले, आणि वेग कमी करायला वेळ नव्हता. पण खळगा दिसेना. त्या जागी ओला मुरूम बसवलेला, वर हाताच्या पंजांचे ठसे. शेजारी गोजरबाई रिकामे सूप घेऊन उभी होती आणि तिचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते.

तो तिच्याजवळून गेला. थांबला नाही, थांबता येत नव्हतेच. फरशी ओलांडून मोताळ्याची वाट लागली.

उतारा ठेवून निघालेल्या बाईने मागे वळून पाहायचे नसते. गोजरबाईने इतकी वर्षे ते पाळले होते. पुढे निंबाजवळ वाट वळते, तिथून तिवाटा आडवा दिसतो. पुंजाजीने वळता वळता नजर टाकली. माणसे आपापल्या कामाला पांगली होती, कारभारीची गाडी निघून गेली होती. माय तिथेच उभी होती, कपाळावर तांबडा हात धरून, त्याच्याकडे पाहत.